दुपारचे रिकामे चौकोन

गेली अठरा वर्षं मी बहरीनमधल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते, आणि त्यातली बारा वर्षं शाळेचं टाइमटेबल माझ्याकडे आहे. हे काम कुणी हौसेने घेत नाही. ते गळ्यात पडतं आणि एकदा पडलं की सुटत नाही. साठ-सत्तर शिक्षक, रोजचे आठ तास, पी.टी. जेवणानंतर लगेच नको, अरबीच्या बाईंना शेवटचा तास चालत नाही, असं सगळं सांभाळून ते लावायचं. सकाळी पावणेसातला मी स्टाफरूममध्ये पोचते तेव्हा आज कोण येणार नाही याची चिठ्ठी टेबलावर असते. मग मी त्या दिवसाचे रिकामे चौकोन शोधते. ज्याचा तास ऑफ, त्याच्या नावापुढे सब्स्टिट्यूशन. मला समोरून येताना बघून लोक जिन्याने वर जायचे ते खाली जातात. एक विज्ञानाच्या बाई ऑफ तासाला प्रयोगशाळेतल्या कपाटामागे बसून डबा खायच्या. मी त्यांना तिथून शोधून काढून सातवी ब मध्ये पाठवलं होतं, तोंडातला घास संपायच्या आत. मला त्याचं काही वाटलं नाही. रिकामा तास म्हणजे वाया चाललेला तास, इतकं माझं साधं गणित होतं.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या गणितामुळेच झालं.

आमची मुलगी एकुलती एक. इथेच जन्मली, गुदैबियातल्या याच फ्लॅटमध्ये वाढली, याच शाळेत शिकली आणि दोन वर्षं माझ्याच वर्गात बसून मला ‘मॅम’ म्हणाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बरंचसं इंग्रजीत. बारावीनंतर ती अमेरिकेला गेली, चार वर्षांची डिग्री केली आणि मग तिला तिथल्या एका ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. हा शब्द आमच्या नातेवाइकांच्या पचनी पडायला वर्ष गेलं. कुणाला ती होमिओपॅथी वाटली. मी प्रत्येकाला सांगायचे की ती पूर्ण डॉक्टर होणार आहे, औषधं, ऑपरेशनं सगळं आहे. शिवाय हातांनी तपासायला आणि हातांनी उपचार करायला तिकडे जास्तीचं शिकवतात. पाठ, मान, बरगड्या, सांधे. सांगलीला माझा भाऊ असतो, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे हाडवैद्य.” मी फोन ठेवून दिला.

ऑगस्टमध्ये तिचं कॉलेज सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात मी तिच्याकडून टाइमटेबल मागून घेतलं. दुसऱ्या कुणा आईने वसतिगृहाचा फोटो मागितला असता. तिने फोनवर पाठवलं, मी शाळेच्या प्रिंटरवर मोठं करून छापलं आणि चष्मा लावून बसले. सकाळी आठ ते बारा लेक्चर. सोमवारी दुपारी तीनपासून शरीररचनेची लॅब. बुधवारी दुपारी तीनपासून दोन तास हातांची लॅब, म्हणजे मुलं एकमेकांच्या पाठीवर, मानेवर हात ठेवून शिकतात ती. बाकी सगळ्या दुपारी फिकट करड्या रंगाच्या, आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं: इंडिपेंडंट स्टडी. शुक्रवारी तर दहानंतर काहीच नाही. बारा वर्षांत इतकं रिकामं टाइमटेबल मी पाहिलं नव्हतं.

“एवढी सुट्टी?” मी विचारलं.

“इट्स नॉट सुट्टी, आई. दॅट्स स्टडी टाइम.”

“अभ्यास काय, संध्याकाळी करायचाच असतो.”

ती हसली. मला वाटलं, पटलं तिला.

तिचे दुपारचे साडेबारा म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसात. मला ते इतकं सोयीचं वाटलं की जणू तिच्या कॉलेजनेच माझ्यासाठी ती वेळ राखून ठेवली होती. मी शाळेतून दोनला येते. माझा नवरा मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. तो घरी यायला साडेनऊ वाजतात, जहाज लागलं असेल तर त्याहून उशीर. मधल्या वेळात घरात मी आणि एसीचा आवाज. मग मी रोज साडेसातला व्हिडिओ कॉल लावायचे, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा करायचे आणि पोळ्या लाटायला घ्यायचे. “मी काही बोलत नाही, तू तुझं वाच,” असं म्हणायचे. आणि मग दोन तास बोलायचे. खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे वाण्याकडे, आज कढीपत्ता ताजा होता. बाबांनी साखर सोडली, चौथ्या दिवशी पुन्हा धरली. नववीच्या एका मुलीने वर्तुळाचा व्यास चौकोनी काढलाय. ती कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून, “हं, हं” करायची. पोर तिकडे एकटी आहे, तिला सोबत होते, असं मी सगळ्यांना सांगत होते. नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं एक तास मागे घेतली तेव्हा मी आमचा स्वयंपाक तासाने पुढे ढकलला, पण फोन चुकू दिला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. आमच्या खालच्या मजल्यावर वसईची एक बाई राहते, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिची मुलगी अकरावीत होती, आणि बायोलॉजीचं तिचं काही खरं नव्हतं. मी छापलेलं टाइमटेबल बघितलं. मंगळवार, गुरुवार, दुपारी अडीच ते साडेतीन. “आमची शिकवेल की! तिला आवडतं शिकवायला,” मी म्हणाले. रात्री मुलीला सांगितलं तेव्हा तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “ओके, आई.” मग सांगलीहून माझ्या भावाचा फोन. त्याची कंबर धरली होती, आणि हाडवैद्याची आता त्याला गरज होती. त्याला शुक्रवार दिला, सकाळी साडेदहा. बिचारी दर शुक्रवारी मामाला व्यायाम दाखवायची आणि मामा दर शुक्रवारी म्हणायचा की मागच्या आठवड्याचे केलेच नाहीत.

माझा नवरा कोल्हापूरकडचा. जे वाटतं ते बोलून मोकळा होतो. एकदा जेवताना म्हणाला, “अगं, तिचं कॉलेज तू चालवतीयस की ती? उंटावरून शेळ्या हाकू नकोस.” मी म्हणाले, बहरीनमध्ये उंट आहेत, त्यामुळे मला तो अधिकार आहे. तो हसला, आणि विषय तिथेच राहिला.

डिसेंबरात पहिल्या सहामाहीचा निकाल लागला. शरीररचनेत ती नापास झाली. हाडं, स्नायू, नसा यांचा तो सगळ्यात मोठा विषय, आणि चार गुणांनी राहिला. तिने आधी बाबांना सांगितलं, मला नाही. नियम असा होता की दुसरी सहामाही पुढे चालू ठेवायची आणि जुलैमध्ये त्या विषयाची पुन्हा परीक्षा द्यायची: एक लेखी, एक हातांनी तपासून दाखवायची. पास झाली तर दुसऱ्या वर्षात. नाही झाली तर पहिलं वर्ष पुन्हा पहिल्यापासून, तेही कमिटीने ठेवून घेतलं तर. शाळेत कधी दुसरा नंबर न आलेली मुलगी. मी तिला धीर दिला, आणि मग जे बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणाले, “फोन कमी कर तू. सगळा वेळ फोनमध्ये जातो तुम्हा मुलांचा.” हे मी तिला फोनवर सांगत होते.

दुसरी सहामाही तिने कशीबशी काढली. मी तिला धीर यावा म्हणून रोज आणखी अर्धा तास बोलत होते.

जूनमध्ये ती सहा आठवड्यांसाठी घरी आली. विमानतळावर मी तिला आधी ओळखलंच नाही, गालाची हाडं वर आलेली. घरी येऊन आंघोळीला गेली, आणि इथल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं म्हणून घरातला गीझर बंद ठेवून त्यात साठून गार झालेलं पाणी वापरायचं हे तिला न सांगता आठवलं, याचासुद्धा मला आनंद झाला. बाहेर आली तेव्हा मी तिला फ्रिजपाशी नेलं. मी चार रंगांच्या पेनांनी कार्डपेपरवर टाइमटेबल करून लावलं होतं. पहाटे साडेपाच ते रात्री नऊ. खांदा आणि हात हिरव्या रंगात, पाठ लाल, नसा निळ्या. दूध, बदाम, वीस मिनिटं गच्चीवर चालणं, सगळं बसवलं होतं. त्यात एकही चौकोन रिकामा नव्हता, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटत होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. “वॉव,” म्हणाली.

तीन दिवस ती त्याप्रमाणे वागली. मी शाळेतून आले की पुढचा रंग सुरू झाला का ते बघायचे. चौथ्या दिवशी लक्षात आलं की ती पानावर बघतेय पण पान उलटत नाही. नवरा म्हणाला, “आमच्याकडं पंपसुद्धा सारखा चालवत नाहीत. बंद करून गार होऊ देतात.” मी म्हणाले, पंपाला जुलैमध्ये परीक्षा नसते.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिच्या कॉलेजच्या सल्लागाराने एक तक्ता भरायला सांगितला होता: नापास झालीस त्या सहामाहीत तुझा आठवड्याचा एकेक तास कुठे गेला, आठवून प्रामाणिकपणे लिही. त्यावरून ते पुढचं ठरवणार होते. तक्ता भरून ती आंघोळीला गेली. मी पोह्यांची बशी ठेवायला गेले आणि वाचलं. दुसऱ्याच्या कागदात डोकावू नये हे मी मुलांना शिकवते, पण अठरा वर्षं पेपर तपासलेल्या बाईचे डोळे कागदावर जातातच.

आठ ते बारा, लेक्चर. त्यापुढे साडेबारा ते अडीच, रोज, पाचही दिवस, तिने लिहिलं होतं: लंच. मंगळवार आणि गुरुवार अडीच ते साडेतीन: व्हॉलंटियरिंग. शुक्रवारी साडेदहाला, म्हणजे माझ्या भावाच्या कमरेपुढे: पेशंट कॉन्टॅक्ट. साडेतीननंतर, लॅब सोडून, अभ्यास, रात्री एकपर्यंत.

मी बशी हातात घेऊन उभी राहिले. वर्गात मूल खोटं लिहितं ते मला लांबून कळतं, आणि बहुतेक वेळा ते स्वतःला वाचवायला लिहितं. हे तसं नव्हतं. तिथे आईचा फोन असं लिहिलं असतं तर तिचीच सुटका झाली असती. सल्लागाराला कारण मिळालं असतं. तिने मला त्या तक्त्यातून बाहेर ठेवलं होतं.

ती केस पुसत बाहेर आली.

“दोन तास जेवतेस तू?” मी विचारलं.

तिने लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे. “स्लोली खाते, आई.”

मी चिडले. दुसरं काही करता येत नाही तेव्हा मी चिडते. “मला सांगायला तोंड नव्हतं तुला? एक शब्द? आई, आज नको, एवढं बोलायला काय झालं होतं? वर्षभर मी मूर्खासारखी तिथे पोळ्या लाटत बोलतेय आणि तू तिकडे नापास होतेयस?”

“तू सकाळपासून थांबायचीस ना त्या कॉलसाठी,” ती म्हणाली. “मला दिसायचं. तू साडी बदललेली असायचीस.”

मला ते कधी लक्षात आलं नव्हतं. खरंच बदललेली असायची.

मग ती खुर्चीवर बसली आणि मला पहिल्यांदा तिचं कॉलेज समजावून सांगितलं. लेक्चरमध्ये फक्त काय शिकायचं आहे ते कळतं, ती म्हणाली, आणि तेही इतक्या वेगाने की हातात काही राहत नाही. शिकणं होतं ते दुपारी, एकट्याने. सकाळचे चार तास त्याच दुपारी परत ऐकायचे, चित्रं काढायची, कार्डं करून पाठ करायचं, रिकाम्या लॅबमध्ये जाऊन हाडं हातात घेऊन बघायची. ते त्या दिवशी झालं नाही तर दुसऱ्या दिवशीचे चार तास त्यावर येऊन पडतात. ती रोज साडेतीनला दमून सुरुवात करायची आणि सोमवारचं संपेपर्यंत बुधवार यायचा. “द ब्लँक पार्ट इज द कॉलेज, आई,” ती म्हणाली. माझा बांध तिथे फुटला. मी तिच्यासमोर रडत नाही कधी. त्या दिवशी रडले, हातातल्या पोह्यांसकट. आणि मी तिची माफी मागितली. सांगलीच्या आमच्या घरात कुणी आईने मुलीची माफी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही, त्यामुळे ती कशी मागतात हे मला नीट येत नव्हतं. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाले. ती म्हणाली, “आधी पोहे खाली ठेव.”

फ्रिजवरचा कार्डपेपर मी काढला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागच्या बाजूवर मेथी निवडली. भावाला फोन करून सांगितलं की त्याने आता सांगलीतच कुणाला तरी कंबर दाखवावी. खालच्या मजल्यावर जाणं मात्र जड गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवणी वाढवू असं कबूल मीच केलं होतं. मी दारातच सगळं सांगून टाकलं. ती नर्सबाई रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल.

“टीचर, मला तर वाटलं होतं तिलाच हौस आहे,” ती म्हणाली. “तुम्हीच म्हणाला होता.”

“हो. मीच म्हणाले होते.”

ती थोडी हसली. “माझी आई वसईहून बरोबर सकाळी नऊला फोन करते, मी ड्यूटीवरून येऊन आडवी झाले की. तिला वाटतं, आता पोरगी मोकळी झाली. बारा वर्षं झाली, मी उचलते. झोप मफी, नाहीच.” आणि मग म्हणाली, “तिला सांगा, आमच्या पोरीची काळजी करू नको. तिला स्वतःला पास व्हायचंय आधी.” मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यानंतरचे पाच आठवडे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम केलं, म्हणजे काही केलं नाही. ती किती वाजता उठते, कधी वाचते, काय वाचते हे विचारायचं नाही असं ठरलं. तिने स्वतःचं काहीतरी वेळापत्रक केलं होतं, ते मला दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही. आंबा चिरून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. कधी ती दुपारी दोन तास झोपायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. कधी नुसती छताकडे बघत पडलेली असायची. नवरा बोटाने ओठ दाबून दाखवायचा, ‘गप्प’. एकदा मी राहवेना म्हणून म्हणाले, “छतावर लिहिलंय का काही?” ती म्हणाली, “हाताच्या नसा आठवतेय. आता पहिल्यापासून.” मी कानाला खडा लावला.

जुलैच्या सुरुवातीला माझी शाळा बंद झाली आणि ती एका दुपारी आपणहून हॉलमध्ये आली. “आई, तुझी पाठ हवी.”

हातांची परीक्षा पुस्तकातून होत नाही, शरीर लागतं. तिकडे वर्गमित्र असतात, इथे कोण? तिने हॉलमध्ये गादी घातली आणि मला पालथं झोपायला सांगितलं. अट एकच, पेशंटने बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तिची बोटं गार होती आणि बिचकत होती. शेवटची बरगडी शोधायची, तिथून मणके मोजत वर यायचं. ती पुटपुटत मोजायची, चुकायची, पुन्हा खाली जायची. माझ्या पाठीवर कुणी असा हात ठेवल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. पाच-सहा दिवसांत तिची बोटं शांत झाली. आता ती मोजत नव्हती, थेट तिथे जायची. एक दिवस उजव्या खांद्याखाली थांबली, दाबून बघितलं, डावीकडे बघितलं, परत आली.

“हे खूप घट्ट आहे. फळ्यामुळे?”

“अठरा वर्षं हात वर करून लिहि…”

“बोलायचं नाही.”

ती तिथे तळहात ठेवून थांबली. दाबलंही नाही, नुसता ठेवला. आणि मला एकदम जाणवलं की ही मुलगी डॉक्टर होणार आहे. परीक्षेचं काय होईल ते होवो, हे हात डॉक्टरचे आहेत, आणि वर्षभर मी यांना माझ्या भावाच्या कमरेच्या व्यायामाला लावलं होतं. मला भरून आलं. तोंड उशीत होतं म्हणून दिसलं नसेल असं वाटलं, पण पाठीवरून तिला कळलं असणार.

“श्वास सोड, आई,” ती हळू म्हणाली. “इट्स ओके. सोड.”

बाबांनीही आपली पाठ दिली, एका शनिवारी. ते पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. ती म्हणाली की आतापर्यंतचा हा सगळ्यात चांगला पेशंट.

जुलैच्या मध्यावर ती गेली. विमानतळावर मी तिला सांगितलं की परीक्षा होईपर्यंत मी फोन करणार नाही. तिने मला घट्ट धरलं. घरी आलो तेव्हा साडेसात वाजत होते. नवऱ्याला वर्कशॉपवर जावं लागलं. मी कणीक मळली आणि लक्षात आलं की मला बोलायला कुणी नाही. शाळा बंद होती. ओळखीची सगळी घरं सुट्टीवर भारतात गेलेली. जनाबियाला राहणारी माझी एक मैत्रीण होती, तीही नाशिकला गेलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ हे दोन तास इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. पोर तिकडे एकटी आहे असं मी वर्षभर सगळ्या जगाला सांगत होते. तिला वर्गमित्र होते, लॅब होती, तिच्या नसा आणि मणके होते. एकटी मी होते. हे कळायला मला पन्नासावं वर्ष लागलं, आणि कळल्यावरही फोन उचलायला हात जात होताच. तो मी परत कणकेत घालत होते.

परीक्षेचा निकाल एका मंगळवारी आला. आम्हा दोघांना एकच मेसेज: पास. नवऱ्याचा वर्कशॉपवरून फोन आला, मागे ग्राइंडरचा आवाज, “खलास! झाली की गं पास!” तो इतक्या मोठ्याने ओरडत होता की तिथली सगळी माणसं काय झालं म्हणून विचारत होती. मी तिचा नंबर काढला. मग ठेवला. लिहिलं, “शाब्बास. आता झोप.” ती खरंच झोपली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी देवापुढे साखर ठेवली आणि खालच्या मजल्यावर जाऊन सांगून आले.

शनिवारी तिचा फोन आला. नवरा घरी होता, आम्ही दोघं एकाच फोनपुढे दाटीने बसलो. तिने सगळं सांगितलं. हातांच्या परीक्षेत समोर कुणी अनोळखी बाई पडली होती, तिचाही उजवा खांदा घट्ट होता. बाबांनी दोनदा तेच विचारलं, तिने दोनदा सांगितलं. मग ती थांबली.

“आई, एक सांगू? रागावणार नाहीस?”

“सांग.”

“सेकंड इयरचं टाइमटेबल आलंय.” ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. “मी ते तुला पाठवणार नाहीये.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आता ही काय बोलते म्हणून. मी म्हणाले, “नको पाठवूस.” माझा आवाज नीट निघाला असावा.

“मी फोन करेन,” ती म्हणाली. “वेळ ठरवायची नाही. मला वाटेल तेव्हा.”

“बरं.” मी गप्प बसायला हवं होतं, पण राहवलं नाही. “आणि नाही वाटलं तर?”

तिने वर कॅमेऱ्याकडे बघितलं. इंग्रजीत काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं.

“वाटेल गं,” ती म्हणाली.